मालमोटारीच्या डिफरन्शिअलमधील तेलगळती व सील बदलण्याची रीत

दिवाळीनंतर धानाची कापणी व चुरणी आटोपू लागली की ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, देसाईगंज या पट्ट्यात मालमोटारींची धावपळ सुरू होते. दिवसा धानाची पोती वाहणारी गाडी रात्री झाडीपट्टीतील एखाद्या नाटकमंडळीचे सामानही वाहते. यांपैकी पुष्कळ गाड्या जुन्या आहेत. गाडी उभी राहिली की मागील आसाच्या मधोमध काळ्या तेलाचा डाग पडतो, आणि “जुन्या गाडीचे तेल गळायचेच” असे म्हणून मालक तिकडे दुर्लक्ष करतो. ही समजूत महागात पडते. सील स्वस्त असते. पण तेल संपून क्राउन-पिनियनचे दात झिजले किंवा तुटले तर ऐन हंगामात गाडी बसून राहते, व दुरुस्तीचा खर्च सीलच्या किमतीच्या कैक पट होतो.

वळणावर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. खळ्यावर बैलांनी धान चुरताना मेढीजवळचा बैल जवळजवळ जागीच फिरतो व टोकाचा बैल मोठे रिंगण चालतो, तसाच हा प्रकार. दोन्ही चाकांना आपापल्या चालीने फिरू देऊन दोघांनाही इंजिनाची शक्ती पोचविणारी दात्यांची पेटी म्हणजे डिफरन्शिअल. हे दाते गिअर ऑइलमध्ये बुडालेले असतात. जॉइंट-शाफ्ट जेथे या पेटीस जोडला जातो, तेथे पिनियनचा दांडा पेटीबाहेर येतो. त्या तोंडाशी बसविलेली रबरी ओठाची कडी म्हणजे पिनियनचे सील होय.

सील का गळते, हे पाहिल्याशिवाय ते बदलण्यात अर्थ नाही. जुने रबर कडक होऊन ओठ झिजतो, हे कारण तर आहेच. परंतु चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत दुसरे एक कारण वारंवार आढळते व मेस्त्रीही ते विसरतात. आसाच्या वरच्या बाजूस ब्रीदर नावाची एक लहानशी तोटी असते. गाडी चालली की तेल व आतील हवा तापते, हवा फुगते आणि या तोटीवाटे बाहेर पडते. जंगलातील मुरमाच्या रस्त्यावरील धूळ व चिखल यांनी तोटी बुजली की आतील दाब वाढतो व तेल सीलच्या ओठाखालून बाहेर ढकलले जाते. अशा गाडीस कितीही नवी सीले बसविली तरी ती गळणारच!

नाल्यातून गाडी नेताना याच्या उलट घडते. तापलेला आस एकाएकी थंड पाण्यात शिरला की आतील हवा आकसते व बाहेरून काही तरी ओढून घेऊ पाहते. ब्रीदर बुजलेला असेल तर सीलच्या ओठापासून पाणी आत शिरते, कारण हा ओठ आतील तेल अडविण्यासाठी घडविलेला असतो, बाहेरचे पाणी अडविण्यासाठी नव्हे. ब्रीदर मोकळा असला तरी तो पाण्याखाली जाईल इतक्या खोल पाण्यात गाडी घालू नये. पाणी शिरलेले तेल ताकासारखे पांढुरके दिसते. असे तेल ताबडतोब बदलावे, नाही तर बेअरिंग गंजतात.

गळती कोठून आहे याची खात्री करण्यासाठी आस डिझेलने धुऊन पुसून घ्यावा, गाडी थोडी चालवावी व मग खाली वाकून पाहावे. पिनियनचे सील गळत असल्यास फिरत्या फ्लँजमुळे तेल वर्तुळाकार उडून फळ्यांच्या खालच्या अंगास पट्टा उमटतो. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, त्यावरून ते इंजिनच्या तेलापासून वेगळे ओळखता येते. तेल चाकाच्या आतील बाजूस ओघळत असेल, तर दोष हबच्या सीलचा आहे. तेल ब्रेकच्या लायनरवर गेल्यास ब्रेक लागत नाही; म्हणून अशी गाडी दुरुस्तीपूर्वी भरून चालवू नये.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी. जॉइंट-शाफ्ट सुटल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवूनही थांबत नाही, आणि ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर काम करतो त्यांचा ब्रेकही निरुपयोगी होतो. यास्तव चाकांना दोन्ही बाजूंनी पक्की उटी लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. आसाखाली ऐनाच्या लाकडाचे जाड ठोकळे द्यावे.

तेल कोमट असताना काढून घ्यावे. त्यात धातूचे तुकडे आढळल्यास सील बदलून भागणार नाही. शाफ्ट व फ्लँज यांवर खूण करून बोल्ट काढावे व शाफ्ट दोरीने वर बांधून ठेवावा. आता फ्लँज हाताने वरखाली हलवून पाहावी. ती हलत असेल तर बेअरिंग ढिले झाले आहे. ढिल्या दांड्यावर नवे सील फार दिवस टिकत नाही.

या कामात सर्वांत मोठी चूक पिनियनच्या नटाशी होते. हा नट फ्लँज धरून ठेवतो, तसाच बेअरिंगवरील ताणही राखतो. तो काढण्यापूर्वी नट व दांडा यांवर पंचाने खूण करावी. शक्य असल्यास आसाचे दोन्ही दांडे ओढून घ्यावे, फ्लँजवर दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढावी व ती फिरण्यास किती जोर लागतो ते टिपून ठेवावे. जोडणीनंतर साधारण तेवढाच जोर लागला पाहिजे. “अधिक आवळले म्हणजे अधिक पक्के” या समजुतीने लांब पाइप लावून नट पिळल्यास बेअरिंग तापून जळते. काही गाड्यांत आत चेपणारी नळी असते, काहींत पत्र्याच्या चकत्या. नळीच्या गाडीत नट जरा जरी जास्त आवळला गेला तरी नळी बदलावी लागते. म्हणून तेथे जाणकार मेस्त्री असावा.

फ्लँज पुलरने काढावी, हातोड्याने ठोकून नव्हे. जुन्या सीलवरील आकडे पाहून त्याच मापाचे नवे सील आणावे. फ्लँजवर सील घासते तेथे नखाला लागेल अशी चर पडली असल्यास फ्लँज बदलावी. केवळ डाग असल्यास बारीक पॉलिश पेपर गोलाकार फिरवून ते काढावे. नव्या सीलच्या ओठास ग्रीस लावावे आणि बारीक स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे ठेवून ते सरळ बसवावे. उलटे बसविलेले सील पहिल्याच फेरीत गळते. बसविताना सीलच्या कडेएवढ्या व्यासाचा पाइप किंवा लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावे.

सर्व जोडून झाल्यावर ब्रीदर काढून डिझेलने धुवावा व फुंकून पाहावा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑइल, बहुधा ९० क्रमांकाचे, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच भरावे. अधिक भरल्यास तेही गळते. काढलेले तेल नाल्यात किंवा बांधीत ओतू नये, डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्यास द्यावे. रिकामी गाडी दहापंधरा किलोमीटर चालवून पिनियनच्या मानेस जपून हात लावावा. हात ठेवता येणार नाही इतकी ती तापली असेल तर नट जास्त आवळला गेला आहे असे समजावे व धानाची खेप भरण्यापूर्वी गाडी पुन्हा मेस्त्रीकडे न्यावी.