हत्तीच्या पैशावरचे उलटे साल

म्हैसूर-श्रीरंगपट्टण भागातली जुनी नाणी जमवायची, तर सुरुवात टिपू सुलतानच्या तांब्याच्या पैशापासून करावी. वजन सुमारे 11 ग्रॅम, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला फार्सी मजकूर. हत्ती कोणालाही ओळखता येतो. खरी परीक्षा त्याच्यावर कोरलेल्या सालाची.

फार्सी अक्षरे उजवीकडून वाचतात, पण आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून. टिपूने 1787 च्या सुमारास हिजरी सन सोडून पैगंबरांच्या जन्माशी जोडलेला मौलूदी सन सुरू केला आणि पुढे आकडेही उजवीकडून लिहायला लावले. त्यामुळे नाण्यावर 2221 दिसले तर ते 1222 समजायचे. त्यात 572 मिळवले की इसवी सन 1794 येते. हिजरी सालाला अशी सरळ बेरीज चालत नाही, कारण ते चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असते. टिपूच्या पंचांगात मात्र आपल्यासारखाच अधिक महिना होता आणि वर्ष पाडव्याच्या सुमारास बदलत असे. शिकाऊ माणसाने 1221 चा पैसा घ्यावा. तो कसाही वाचला तरी चुकत नाही!

मग नाणे उलटून टांकसाळीचे नाव शोधायचे. ‘पट्टन’ म्हणजे राजधानी श्रीरंगपट्टण, ‘नगर’ म्हणजे बिदनूर. टिपूने गावांची नावे बदलल्यामुळे इथे नवखा माणूस अडखळतो. ‘फर्रुखयाब हिसार’ हे चित्रदुर्ग, ‘नझरबार’ हे खुद्द म्हैसूर. शहरातल्या नझरबाद भागाचे नाव त्याच काळातले. मराठी संग्राहकाला सर्वांत ओढ लागावी ती ‘खुर्शीद-सवाद’ची, कारण ते आपले धारवाड. परशुरामभाऊ पटवर्धनांनी लांबलेल्या वेढ्यानंतर एप्रिल 1791 मध्ये ते घेतले. म्हणून या टांकसाळीच्या नाण्यावर 1220 किंवा त्यापुढचे साल दिसले, तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत. 1792 च्या तहात टिपूचे जवळजवळ अर्धे राज्य गेले आणि कालिकतसारखी टांकसाळीची ठिकाणेही हातची गेली.

तांब्याच्या नाण्यांची नावे आकाशातून घेतलेली आहेत: पैसा ‘जोहरा’ म्हणजे शुक्र, अर्धा पैसा ‘बहराम’ म्हणजे मंगळ. दुहेरी पैशाला आधी ‘उस्मानी’ म्हणत, नंतर तो ‘मुश्तरी’ म्हणजे गुरू झाला.

पर्यटनस्थळी ‘शेतात सापडलंय’ म्हणून पुढे केलेले नाणे आधी कडेने पाहावे. अस्सल नाणे तापवलेल्या चकतीवर ठसा ठोकून पाडलेले असते. नकली बहुधा ओतीव. त्याच्या कडेवर सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. अस्सल मिळाले तर कृपा करून चिंच किंवा पितांबरी लावू नका. तांब्यावर दोनशे वर्षांत चढलेला गडद थर गेला की निम्मी किंमतही गेली. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तेव्हा परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून धाडण्याचा विचार सोडावा.

यानंतर चांदीकडे वळावे. तिथे नाण्यावर काय नाही, हेही वाचायला लागते. त्या काळी मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्याही रुपयांवर दिल्लीच्या शाह आलमचे नाव असे. टिपूने ते गाळले. राजवट बदलली की नाण्यावरचे शब्द बदलतात. 

म्हैसुरात पुढे तेच घडले. 4 मे 1799 रोजी टिपू पडला आणि वाडियारांच्या गादीवर बालवयाचे तिसरे कृष्णराज बसले. त्यांच्या तांब्याच्या नाण्यांवर हत्ती कायम राहिला, वर सूर्यचंद्र आणि कन्नड ‘श्री’ आली. रुपयावर मात्र शाह आलम परतला.