श्वासाचा स्नायू आणि आपण

ड्युशेन या आनुवंशिक रोगात मुलाचे पाय प्रथम थकतात. पण पुढे जिवावर बेतते ते हृदय व श्वासपटल दुबळे झाल्याने. हाच दोष असलेल्या उंदराचे पाय बरेचसे सावरतात, श्वासपटल मात्र झिजतच जाते, हे १९९१ मध्ये दिसून आले. म्हणूनच मानवी श्वासपटलाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर औषधे पारखणे अगत्याचे आहे.

पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र संशोधकांना पेशी पुरवते. परंतु रोगाच्या पेशी अखेर रुग्णांकडूनच याव्या लागतात. चिंचणीच्या मुलाचे निदान मुंबई गाठेपर्यंत रखडत असेल, तर त्याचा नमुना पुण्यास पोहोचणार कसा? २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात हा रोग आहे. तो तालुक्याच्या रुग्णालयातही ओळखला गेला पाहिजे. मात्र १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या, तसे येथे होता कामा नये. संमती हवी, ती आईला तिच्या भाषेत समजावूनच!