रंगाचं पाणी, जिवाणू आणि आपलं रान



इचलकरंजी, सोलापूर अशा कापडाच्या गावांखाली ज्यांचं रान आहे, त्यांना रंगखान्याचं पाणी नवं नाही. ओढा कधी लाल, कधी निळा. "आता जिवाणू घालून पाणी स्वच्छ करतात म्हणे, मग ते उसाला द्यावं का?" असं तुम्ही विचारता.

कापडाचे पुष्कळसे कृत्रिम रंग 'ॲझो' जातीचे असतात. त्यांच्यात नत्राचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि रंग दिसतो तो मुख्यतः या जोडामुळे. उन्हाला, साबणाला दाद देऊ नये म्हणूनच हे रंग बनवलेले, त्यामुळे ओढ्यात ते सहजी कुजत नाहीत. काही जिवाणू मात्र हा जोड तोडतात. गोबरगॅसच्या टाकीसारखी बिनहवेची जागा मिळाली की हे काम चांगलं होतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात यावर बरंच संशोधन झालं आहे.

पण मेख इथंच आहे. जोड तुटला की पाणी नितळ दिसतं, मागे मात्र 'अमाइन' द्रव्यं उरतात. त्यातली काही मूळ रंगापेक्षाही विषारी असतात. ती मोडायला हवा खेळवलेली दुसरी टाकी लागते. पहिल्याच टाकीतून सोडलेलं पाणी डोळ्यांना फसवतं.

दुसरी गोष्ट मिठाची. सुतावर रंग चढावा म्हणून मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर वापरतात. ते कोणताच जिवाणू खाऊन संपवत नाही. असं पाणी वरचेवर दिलं की जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. काळ्या रानाला तर फारच बाधतं.

कोणी 'रंग खाणारे जिवाणू' बाटलीतून विकायला आलं, तर विहिरीत ओतू नका. उकळत्या दुधाला विरजण लावून दही होतं का? जिवाणूंनाही खाद्य, योग्य सामू आणि टाकीत पुरेसा वेळ लागतो.

पाणी आधी तपासा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून लिटरभर नमुना माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. विद्युत वाहकता २.२५ डेसीसायमनच्या वर आली, तर ते पाणी रानाला लावू नका. अमाइन या साध्या तपासणीत कळत नाहीत, म्हणून रंगखान्याचं पाणी उघड मिसळत असेल तर आकडा कमी आला तरी भाजीपाल्याला आणि जनावरांना ते नकोच. ओढा रंगीत दिसला की तारीख, वेळ, जागा टिपून ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.