औषधाच्या वेष्टनावरील क्यूआर कोड : रुग्णाला सुलभ कसा होईल?

क्यूआर कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा व सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार केला. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून निवडक ३०० आधुनिक औषधांच्या वेष्टनावर बारकोड वा क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्या यादीत आयुर्वेदीय औषधे नसली, तरी अनेक वैद्य व औषधनिर्माते स्वेच्छेने कोड छापतात. म्हणून त्याच्या रचनेचा विचार आवश्यक आहे.

कोडमध्ये संकेतस्थळाचा पत्ता साठवता येतो किंवा प्रत्यक्ष मजकूर. पत्ता उघडण्यास इंटरनेट लागते. मजकूर त्याविना वाचता येतो. भामरागड, एटापल्लीच्या दुर्गम गावांत हा भेद निर्णायक ठरतो. त्रिभुवनकीर्तीसारख्या वत्सनाभयुक्त कल्पाची मात्रा केवळ पत्त्यामागे दडलेली असेल, तर संपर्कक्षेत्राबाहेरील रुग्णाला ती कळणारच नाही.

मात्र मजकुराचीही मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास, मात्रा-वेलांटीसह, साधारणतः तीन बाइट लागतात. शंभर चिन्हांच्या सूचनेचा कोड मध्यम दुरुस्तीक्षमतेत ६९ × ६९ घरांचा होतो. २५ रोमन अक्षरांचा पत्ता २५ × २५ घरांत मावतो. दोन सेंटिमीटरच्या चौकोनात पहिल्याची घरे फार बारीक होऊन साध्या फोनला वाचता येत नाहीत. म्हणून औषधनाम, मात्रा, काल व अनुपान एवढेच, तेही थोडक्यात, कोडमध्ये द्यावे.

छपाईची पथ्ये अशी :

१) फोन जितक्या अंतरावरून धरला जाईल, त्याच्या सुमारे एक दशांश रुंदी कोडला द्यावी.

२) चहूबाजूंनी चार घरांएवढी कोरी जागा सोडावी. पार्श्वभूमी फिकट व कोड गडद असावा. चकाकणारा कागद टाळावा.

३) गोल बाटलीवर कोड वळतो, शक्य तेथे तो खोक्याच्या सपाट बाजूस छापावा.

४) दुरुस्तीक्षमता ७, १५, २५ व ३० टक्के अशा चार श्रेणींत मिळते. तेलाचे डाग पडणाऱ्या बाटलीस २५ टक्क्यांची श्रेणी योग्य. परंतु श्रेणी वाढली की घरेही वाढतात.

५) कोडखाली ‘मात्रा व अनुपान समजण्यासाठी’ असे लिहावे. दुकानातील कोड म्हणजे पैसे देण्याचा कोड, अशी समजूत असल्याने रुग्ण अन्यथा तो टाळतात.

६) छापण्यापूर्वी जुन्या, स्वस्त फोनवर मंद प्रकाशात पडताळणी करावी.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पत्त्यामागे माडिया, गोंडी वा तेलुगू भाषेत ध्वनिमुद्रित सूचना ठेवता येईल. संपर्क असलेल्या औषधालयातच ती रुग्णाच्या फोनवर उतरवून द्यावी.

कोड हे लेबलचे पूरक आहे, पर्याय नव्हे. बॅच क्रमांक, निर्मितिदिनांक, घटकद्रव्ये आणि भल्लातक, वत्सनाभ यांसारख्या विषद्रव्यांच्या पोटात घेण्याच्या कल्पांवरील वैद्यकीय देखरेखीचा इशारा हे नियमानुसार लेबलवर छापलेलेच असले पाहिजे. मात्राही त्यासोबत स्पष्ट अक्षरांत द्यावी. फोन बंद पडला तरी रुग्णाचे औषध चुकता कामा नये.