गुरांची जात निवडताना

मांसासाठी गुरे पाळण्याचा लहानसा धंदा नव्याने सुरू करणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो जातीच्या निवडीचा. प्रदर्शनात बक्षीस मिळविणारे जनावर त्याच्या डोळ्यांत भरते. परंतु त्याने आधी पाहावयास हवे ते आपले रान, आपले हवामान आणि आपली बाजारपेठ. ही गोष्ट अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या समुद्रकाठच्या पशुपालकांना मोठी किंमत देऊन शिकावी लागली.

एकोणिसाव्या शतकात त्या राज्यात शॉर्टहॉर्न, हिअरफर्ड व ॲबर्डीन अँगस या ब्रिटिश जाती आणण्यात आल्या. त्यांचे मांस उत्कृष्ट. पण त्या घडल्या होत्या थंड प्रदेशात. आखाताकाठच्या दमट उन्हाळ्यात ही गुरे धापा टाकीत आणि चरणे सोडून सावलीला उभी राहत. जे जनावर चरत नाही, त्याचे वजन वाढावे कसे? त्यात गोचिडांचा उपद्रव. ‘टेक्सास ताप’ हा प्राणघातक रोग गोचिडांमुळेच पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली सिद्ध केले. बाहेरून आणलेली गुरे या तापाला सहज बळी पडत.

यावरचा एक उपाय भारतातून गेला. १९०६ साली आपल्याकडील काही गुरे टेक्सासमध्ये नेण्यात आली. गीर, काँक्रेज, ओंगोल आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरील कृष्णाखोरे या जातींपासून अमेरिकेत ‘ब्राह्मन’ नावाची जात तयार झाली. आखूड, तुळतुळीत केस आणि घाम गाळण्याची अधिक क्षमता यांमुळे वशिंडाची ही गुरे उन्हाचा ताप सोसतात. गोचिडांनाही ती अधिक दाद देत नाहीत. मात्र ती वयात उशिरा येतात आणि त्यांचे मांस ब्रिटिश जातींइतके मऊ नसते.

दोहोंचे गुण एकत्र आणण्यासाठी टेक्सासमधील किंग रँच या विस्तीर्ण कुरणावर सांता गर्ट्रुडिस ही नवी जात निर्माण झाली. तिच्यात सुमारे पाच अष्टमांश रक्त शॉर्टहॉर्नचे व तीन अष्टमांश ब्राह्मनचे आहे. १९४० साली तिला शासकीय मान्यता मिळाली.

अर्थात नवी जात घडविण्यास हजारो गुरे व अनेक वर्षे लागतात. ते लहान पशुपालकाचे काम नव्हे. त्याला सोपा मार्ग म्हणजे त्याच हवामानात वाढलेल्या हिअरफर्ड-ब्राह्मन संकरित गाई घेणे. पहिल्या संकराच्या संततीत आईबापांच्या सरासरीहून अधिक जोम आढळतो. अशा गाईंना अँगस वळू दाखविला, तर वासरे लवकर भरतात व त्यांचे मांसही चांगले उतरते. पहिलारू कालवडींसाठी तर जन्मतः लहान वासरे देणाराच वळू निवडावा. अवजड वळूमुळे वासरू अडते आणि प्रसंगी गाय व वासरू दोन्ही दगावतात.

पंचवीस गाईंच्या कळपाला साधारणपणे एकच वळू पुरतो. म्हणजे प्रत्येक वासरात अर्धा वारसा त्याचाच. गर्भकाळ साडेनऊ महिन्यांचा, पुढे वासरू दूध तोडण्याजोगे होण्यास आणखी सहासात महिने. निवडीतील चूक ध्यानात येईपर्यंत अशा रीतीने दीड वर्ष निघून जाते आणि दुसरी वासरेही पोटात वाढू लागलेली असतात. म्हणून नामांकित जनावराच्या मागे धावण्यापूर्वी नवख्याने शेजारच्या रानातील गाई भर उन्हाळ्यात एकदा पाहाव्यात. दुपारच्या उन्हातही ज्या चरत असतील, त्यांच्यात त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याला सापडेल.