घरगुती सागरी मत्स्यालयातील जलप्रवाह व गाळण : नवी मुंबईच्या संदर्भात

प्रस्तावना
सागरी मत्स्यालय म्हटले की काचेची टाकी, प्रकाशयोजना व माशांचे रंग यांकडेच प्रथम लक्ष जाते. प्रत्यक्षात त्यातील जीव टिकतात ते वाहत्या पाण्यावर. समुद्रात भरती-ओहोटी व लाटा जे कार्य करतात, ते बंद टाकीत पंप व जिवाणू यांच्याकडून करवून घ्यावे लागते.

जलप्रवाहाचे प्रयोजन
प्रवाळ, स्पंज यांसारखे जीव एका जागी स्थिर असतात. त्यांच्यापर्यंत अन्न पोहोचवणे व अंगावरील मळ दूर करणे ही कामे प्रवाहच करतो. मात्र एकाच दिशेचा जोरदार झोत अपायकारक ठरतो. समोरासमोर बसवलेले दोन पंप आळीपाळीने चालविल्यास कोपऱ्यांत गाळ साचत नाही.

प्रवाहामुळे पाण्याचा पृष्ठभाग ढवळला जाऊन हवेतील प्राणवायू पाण्यात विरघळतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांस तो सुमारे ६.२ मिलिग्रॅमवर येतो. त्यामुळे नवी मुंबईच्या उन्हाळ्यात प्रवाहाचे महत्त्व अधिकच वाढते.

गाळणप्रक्रिया
स्पंज वा कापडातून पाणी जाताना घनकण अडतात. ही यांत्रिक गाळण होय. प्रोटीन स्किमरमध्ये हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांना प्रथिनयुक्त द्रव्ये चिकटतात व ती कुजण्यापूर्वीच फेसाबरोबर बाहेर पडतात. जैविक गाळणीत एक जिवाणूगट माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर दुसरा नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. साठलेले नायट्रेट मुख्यतः पाणी अंशतः बदलून कमी करतात. हे जिवाणू टाकीत स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. तोपर्यंत मासे सोडणे घातक ठरते.

स्थानिक मर्यादा
ठाणे खाडी जवळ असली, तरी तिचे पाणी या कामी उपयोगाचे नाही. त्यात गाळ व सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात क्षारता घटते. महापालिकेचे मोरबे धरणातून येणारे पाणी पिण्यास योग्य असले, तरी त्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक असते. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ मिसळून सुमारे ३५ भाग प्रतिहजार क्षारता राखावी लागते.

परदेशी पुस्तकांत जैविक गाळणीसाठी प्रवाळखडक सुचविलेला असतो. भारतात मात्र सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून त्यांचे मृत सांगाडेही संरक्षणाच्या कक्षेत येतात. जिवाणूंना हवा असतो तो सच्छिद्र पृष्ठभाग. तो सिरॅमिकच्या तुकड्यांतूनही मिळतो. त्यामुळे प्रवाळाविना गाळण अपुरी राहते, हा समज निराधार आहे.

वीजपुरवठा खंडित होणे हा सर्वांत मोठा धोका होय. प्रवाह थांबताच नवा प्राणवायू मिळेनासा होतो. परंतु मासे व जिवाणू दोघेही उरलेला प्राणवायू वापरतच राहतात. यास्तव बॅटरीवर चालणारा हवेचा पंप चैनीची वस्तू न ठरता आवश्यक साधन ठरतो.

समारोप
प्रवाह व गाळण या दोन स्वतंत्र यंत्रणा नसून एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत. प्रवाह थांबला की गाळण थांबते. सागरी मत्स्यालय उभारताना प्रथम पाण्याचा, नंतर जिवाणूंचा व सर्वांत शेवटी माशांचा विचार करणे श्रेयस्कर ठरते.