नेमणुकीपूर्वीची पडताळणी : गरज, भाषा आणि मर्यादा



नोकरीचा अर्ज कसा लिहावा, याचा विचार व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात नेहमी अर्जदाराच्या बाजूने केला जातो. प्रस्तुत घटकात आपण टेबलाच्या पलीकडे जाऊन बसणार आहोत. आपल्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कुणी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असेल, कुणी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर, तर कुणाचे स्वतःचे दुकान किंवा पाळणाघर असेल. आलेल्या अर्जांतून एकाची निवड करून त्याच्या हाती तिजोरीची किल्ली, रुग्णाची शुश्रूषा किंवा लहान मुले सोपविण्याचा प्रसंग आपल्यावर आज ना उद्या येणार आहे. त्या वेळी अर्जातील मजकूर खरा आहे की नाही, हे तपासून पाहणे म्हणजे नेमणुकीपूर्वीची पडताळणी. सरकारी व्यवहारात तिच्या एका भागास ‘चारित्र्य पडताळणी’ असे म्हणतात. परंतु ओळख, शिक्षण, पूर्वीची नोकरी आणि तेथील वर्तन या बाबीही तिच्यात येतात.

विचारले नाही, सांगितले नाही

पडताळणी न केल्यास काय घडू शकते, याचे अत्यंत दाहक उदाहरण अमेरिकेतील आहे. चार्ल्स कलन हा परिचारक १९८७ पासून सुमारे सोळा वर्षे न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील रुग्णालयांतून काम करीत होता. या काळात तो रुग्णांना डिगॉक्सिन, इन्सुलिन यांसारखी औषधे घातक मात्रेत देऊन ठार करीत होता. एका ठिकाणी संशय निर्माण झाला की तो ती नोकरी सोडी आणि दुसरीकडे रुजू होई. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात औषधांच्या कुप्या लपवून ठेवलेल्या आढळल्या, तेव्हा त्याने राजीनामा दिला. काही महिन्यांतच न्यू जर्सीतील दुसऱ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तो कामावर होता. डिसेंबर २००३ मध्ये त्यास अटक झाली. पुढे त्याने अनेक खुनांची कबुली दिली आणि २००६ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने त्यास एकामागून एक भोगावयाच्या अकरा जन्मठेपा सुनावल्या.

हे इतकी वर्षे कसे चालले? परिचारकांची टंचाई होती, त्यामुळे नव्या रुग्णालयास माणूस हवा होता. जुन्या रुग्णालयास तो नकोसा झालेला होता. शिवाय त्याच्याविषयी प्रतिकूल मत लेखी कळविल्यास बदनामीचा दावा अंगावर येईल, ही भीती होती. म्हणून विचारणा झालीच, तर तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नोकरीत होता, एवढेच सांगण्याकडे कल असे. त्या उत्तरात असत्य काही नव्हते. पुढे न्यू जर्सी राज्याने २००५ मध्ये कायदा करून, एका आरोग्यसंस्थेने विचारल्यास दुसरीने कर्मचाऱ्याच्या गैरवर्तनाची माहिती देणे बंधनकारक केले आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यास दाव्यापासून संरक्षण दिले. या तरतुदीचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. खरे बोलणाऱ्याला शिक्षा होत असेल, तर कोणतीही पडताळणी कागदावरच राहते.

शिक्का खरा, निकाल खोटा

आपल्याकडील फसवणूक बहुधा कागदांची असते. मूळ प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहिले, छायाप्रत घेतली, ‘मूळ प्रतीवरून पडताळले’ असा शेरा मारला की काम संपले, अशी आपल्या कार्यालयांतील समजूत आहे. महाराष्ट्रातील शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणाने ही समजूत मोडीत काढावयास हवी होती. २०१९-२० च्या परीक्षेतील गैरप्रकार २०२१ च्या अखेरीस पुणे पोलिसांच्या तपासात उघडकीस आला आणि २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने ७,८८० परीक्षार्थींवर कारवाई केली. येथे गैरप्रकार निकालाच्या मुळाशीच झालेला होता. म्हणजे प्रमाणपत्राचा कागद, त्यावरील शिक्का आणि स्वाक्षरी कितीही न्याहाळली, तरी संस्थाचालकास काही कळण्याजोगे नव्हते. कागद ज्याने दिला, त्या मंडळाकडे, परिषदेकडे किंवा विद्यापीठाकडे थेट विचारणा करणे, एवढीच पडताळणी खऱ्या अर्थाने पडताळणी ठरते. आणि कधी कधी तीही पुरेशी नसते.

ती नेमणुकीपूर्वी का करावयाची, याचे उत्तर जातप्रमाणपत्रांच्या खटल्यांत मिळते. खोट्या प्रमाणपत्राच्या आधारे राखीव जागेवर मिळविलेली नोकरी, सेवा कितीही वर्षांची झाली असली तरी टिकू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्याचा विचार करून दिला. तो न्याय्यच आहे, कारण ती जागा ज्याची होती, त्या उमेदवाराचे तारुण्य दरम्यान सरून गेलेले असते. पण आस्थापनेच्या दृष्टीने पाहा. सुरुवातीला जे काम टपालाच्या चार पत्रांत झाले असते, ते वीस वर्षांनी न्यायालयात जाऊन बसते.

जेथे दुर्बल माणसांशी संबंध येतो, तेथे कायद्याने पडताळणी ऐच्छिक ठेवलेलीच नाही. मुलांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासंबंधीच्या २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रशिक्षण केंद्रे अशा, मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावयाची असते. खासगी सुरक्षा रक्षक संस्थांवरही २००५ च्या अधिनियमाने रक्षकाच्या पूर्वचारित्र्याविषयी खात्री करून घेण्याचे बंधन घातले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. त्यातील आरोपी कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कर्मचारी होता. त्यानंतर राज्य शासनाने शाळांना कर्मचाऱ्यांच्या पडताळणीविषयी पुन्हा आदेश दिले. ‘माणूस कंत्राटदाराचा आहे, आमचा नाही’ हे वाक्य आपण बँकेपासून रुग्णालयापर्यंत सर्वत्र ऐकतो. पालकाच्या दृष्टीने मात्र तो शाळेचाच माणूस असतो.

दाखल्याची भाषा

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. पूर्वीच्या मालकाने दिलेले अनुभवपत्र आपण वाचलेच असेल. ‘सदर कर्मचाऱ्याची वर्तणूक समाधानकारक होती. त्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा.’ हा मजकूर उत्तम कर्मचाऱ्यास दिला जातो, सुमार कर्मचाऱ्यासही दिला जातो, आणि ज्याचा राजीनामा मागून घेतला त्यालाही दिला जातो. सर्वांना लागू पडणारे वाक्य कुणाविषयीच काही सांगत नाही. अशा पत्रातून माहिती मिळवावयाची, तर त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे, हे पाहावे लागते. रोखपालाच्या अनुभवपत्रात नियमितपणा, नम्रता, हस्ताक्षर या सर्वांची स्तुती आहे आणि हिशेबाच्या चोखपणाचा उल्लेख नाही, तर वाचणाऱ्याने थांबावे. तो नजरचुकीने राहिला असेल, हेही शक्य आहे. म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, विचारणा करावी.

विचारणेची भाषाही तितकीच नेमकी हवी. ‘सदर व्यक्तीविषयी आपले मत कळवावे’ असे लिहिल्यास उत्तरादाखल पुन्हा ‘समाधानकारक’ हाच शब्द हाती येईल. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘अर्जदाराने आपल्याकडे लेखापाल म्हणून पाच वर्षे काम केल्याचे नमूद केले आहे. त्यांचे पदनाम व कालावधी आपल्या नोंदीशी जुळतो काय? त्यांच्याकडे रोख रकमेची जबाबदारी होती काय? त्यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची कार्यवाही झाली अथवा प्रलंबित आहे काय? त्यांना पुन्हा सेवेत घेण्यास आपली तयारी आहे काय?’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्ष देऊन वाचावे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवहीतून येतात, चौथ्याचे उत्तर देताना माणसाला विचार करावा लागतो.

नेमक्या भाषेची ही अपेक्षा न्यायालयानेही मान्य केली आहे. उमेदवाराने पडताळणी नमुन्यात गुन्ह्याची माहिती दडविल्यास काय करावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हे त्यातील पहिले तत्त्व. पण त्याचबरोबर, नमुन्यातील प्रश्न संदिग्ध असता कामा नये आणि जी माहिती नेमकेपणाने विचारली होती, तीच न दिल्यास ‘दडविली’ असे म्हणता येईल, असेही न्यायालयाने म्हटले. ‘आपणांस शिक्षा झाली आहे काय?’ आणि ‘आपणांविरुद्ध खटला प्रलंबित आहे काय?’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिला विचारून दुसऱ्याचे उत्तर न दिल्याबद्दल कुणास दोषी धरता येत नाही. (स्वयं-अध्ययनासाठी : आपल्या कार्यालयातील किंवा ओळखीच्या संस्थेतील पडताळणी नमुना मिळवा. त्यातील कोणत्या प्रश्नाचे एकाहून अधिक अर्थ होतात, ते शोधून तो प्रश्न पुन्हा लिहून पाहा.)

गुन्हा, आरोप आणि जन्म

पडताळणीचा पुरस्कार करताना तिचे दुसरे टोकही नजरेआड करता येत नाही. गुन्ह्याची नोंद म्हणजे गुन्ह्याची सिद्धता नव्हे. ऐन तरुणपणी दिलेल्या घोषणांबद्दलचा किंवा तत्सम क्षुल्लक गुन्हा असेल, तर मालकाने विवेक वापरून तो दुर्लक्षित करावा, अशी मुभा उपर्युक्त निर्णयातच आहे. विचारावयाचे ते एवढेच, की ही गोष्ट या कामाशी संबंधित आहे काय? वाहनचालकाच्या बाबतीत मद्यप्राशन करून वाहन चालविल्याची शिक्षा महत्त्वाची. ग्रंथपालाच्या बाबतीत ती तेवढी नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते विमुक्त झाले, पण पाहणाऱ्याची नजर विमुक्त झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन आपण वाचले असल्यास, आडनाव आणि वस्ती एवढ्यावरून माणसावर शिक्का कसा बसतो, हे वेगळे सांगावयास नको. वस्तीत जाऊन ‘हे लोक कसे आहेत?’ असे विचारून येणे, ही पडताळणी नव्हे. पडताळणी व्यक्तीच्या कृतीची असते. खरे तर काटेकोर, कागदोपत्री पडताळणी अशा अर्जदाराच्या हिताचीच असते, कारण तिच्याअभावी निर्णय ऐकीव गोष्टींवर आणि आडनावावर होतो.

कार्यपद्धतीविषयी थोडक्यात. पडताळणी होणार आहे, हे अर्जदारास आधी सांगावे आणि त्याची लेखी संमती घ्यावी. सध्या तो जेथे नोकरीस आहे, तेथे त्याच्या परवानगीवाचून विचारणा करू नये. आपली नेमणूक न झाल्यास त्याची आहे ती नोकरीही धोक्यात येते. एकाच पदाच्या सर्व अंतिम उमेदवारांना तेच प्रश्न, तीच पद्धत लावावी. ओळखीच्या माणसाने शिफारस केलेला उमेदवार यातून वगळला जातो आणि अपहाराची बरीच प्रकरणे नेमकी तेथूनच सुरू होतात. मिळालेली माहिती नेमणुकीच्या कामापुरती वापरावी, तिची कार्यालयात चर्चा होऊ देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या अधिनियमाचा रोखही त्याच दिशेने आहे. प्रतिकूल काही आढळल्यास नकार देण्यापूर्वी ते अर्जदारास लेखी कळवून त्याचे म्हणणे मागवावे. नावातील साम्यामुळे एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर दिसणे, लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीची जुनी प्रमाणपत्रे न जुळणे, हे प्रकार वारंवार घडतात, आणि त्यांचा खुलासा अर्जदाराशिवाय दुसरे कुणी करू शकत नाही.